लाल औषधावर पाळत

ज्या औषधाने मी आज जिवंत आहे, त्याच्यावर मी पहिल्या दिवसापासून पाळत ठेवून होतो. ते कुठल्या बाटलीतून निघतं, कोणाच्या हातातून येतं, त्याचा लाल रंग मागच्या वेळेपेक्षा फिका आहे का, माझ्या शिरेत गेल्यावर ते नेमकं कोणाला जाऊन चिकटतं, सगळ्यावर माझा डोळा होता. यातला एखादा डोळा मी स्वतःवर ठेवला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं.

मी शहाद्याजवळ लोणखेड्याला राहतो आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मला लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. उपचार संपले आहेत, स्कॅन स्वच्छ आला आहे, डोक्यावर केस परत आले आहेत आणि आधीपेक्षा कुरळे आले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरही माझा संशय आहे. ही हकिगत मी त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांना उद्या त्या खुर्चीत बसायचं आहे. त्यातही खास करून ज्यांना थोडंफार शिक्षण आहे त्यांच्यासाठी. न शिकलेल्या माणसाला हे उपचार अवघड जातात असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. अर्धवट शिकलेल्याला ते जास्त अवघड जातात, आणि अर्धवट शिकलेल्यांत आम्ही पीएच.डी. झालेले सगळ्यांत पुढे असतो.

आम्ही गुजर, त्यामुळे आमच्या घरात गुजरी बोलतात. ती इथे लिहिली तर निम्मे वाचक पान उलटतील, म्हणून घरचं बोलणं मराठीत देतो. बाहेरच्यांची अहिराणी मात्र जशी ऐकली तशीच ठेवली आहे.

गाठ

मानेवरची गाठ निर्मलाने, माझ्या बायकोने, पाहिली त्याच्या बऱ्याच आधी ती मला माहीत होती. दाढी करताना बोटाला लागायची. मी तिचं निदानही करून टाकलं होतं: उशी उंच आहे. उशी बदलली. गाठ राहिली. मग पेपर तपासताना मी मान एका अंगाला टाकून बसतो म्हणून, असं दुसरं निदान केलं आणि उरलेले पेपर दुसऱ्या अंगाला मान टाकून तपासले. निर्मलाने विचारलं तेव्हा माझ्याकडे तिसरं निदान तयार होतं, पण तिने ते ऐकून न घेता थेट दादाच्या ओट्याकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं की यांना सुरतेला न्यायला हवं.

ओट्याकडे तोंड करून, कारण आमच्यात जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. दादा माझा थोरला भाऊ, घर शेजारीच, केळी आणि उसाची शेती तो पाहतो. निर्मला त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तरी त्या दोघांत थेट एक वाक्य झालेलं नव्हतं. बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "त्यांना सांगा", "तिला सांग". मी घरात नसलो तर ओट्याच्या खांबामार्फत. तो खांब आमच्या घरातला सगळ्यांत समजूतदार माणूस आहे.

सुरतेच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला. निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला आणि त्या काही बोलायच्या आत मी विचारलं, "कुठल्या प्रकारचा आहे?" मला वाटलं, असा प्रश्न विचारला की आपण पेशंट राहत नाही, सहकारी होतो. त्यांनी प्रकार सांगितला. मी मान डोलावली. काही कळलं नव्हतं. पुढे त्या बराच वेळ बोलल्या, बरा होणारा आजार आहे असंही म्हणाल्या असं निर्मला सांगते. मला एवढंच आठवतं की टेबलावर एक पारदर्शक पेपरवेट होता, त्यात हिरवी फुलं होती, आणि काच ओतताना ही फुलं जळाली कशी नाहीत याचा मी फार खोल विचार करत होतो.

दादाने एकच प्रश्न विचारला. बाईंना नाही, मला. "ही पोरगी किती शिकली आहे?" बाई सुरतेच्या, त्यांना गुजरी समजत होती.

परतीच्या वाटेला लागलो. नवापूरला चहाला थांबलो. निर्मला उतरली आणि रस्त्यावरच्या गाडीवरून केळी घेऊन आली. आमच्या शेतात केळीचे घड लटकत होते. दादाने त्या केळ्यांकडे पाहिलं, मी पाहिलं. मग तिघांनी ती मुकाट्याने खाल्ली.

माझा जुना धंदा

आता थोडं माझ्या कामाविषयी, नाहीतर पुढचा मूर्खपणा समजणार नाही.

माझं सगळं संशोधन चिकटण्यावर आहे. औषधासारखा एखादा छोटा रेणू घ्यायचा, तो डीएनएला चिकटतो का, रक्तातल्या प्रथिनाला चिकटतो का, चिकटला तर किती घट्ट, हे बघायचं. नळीत डीएनएचं पाणी घ्यायचं, त्यात रेणू टाकायचा, प्रकाश सोडायचा आणि चमक किती उतरते ते मोजायचं. चमक उतरली की विद्यार्थी खूश, मी खूश, सगळ्यांना चहा.

डीएनए म्हणजे पायऱ्यांची शिडी असं पुस्तकात असतं. मी वर्गात भाकरींची चळत सांगतो. चळतीत दोन भाकरींच्या मध्ये एखादा चपटा कागद सरकवून ठेवला की वाढणाऱ्याची पंचाईत होते, तसा हा चपटा रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो. पेशीला स्वतःची नक्कल काढायची असते, ती अडते, पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या नकला काढत असतात म्हणून त्या आधी अडकतात.

रक्तातलं प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ते शहाद्याहून धडगावला जाणाऱ्या जीपसारखं आहे. औषधाचे पुष्कळसे रेणू त्यात चढून बसतात आणि शरीरभर हिंडतात. बसलेला रेणू काम करत नाही. जो खाली उतरून मोकळा फिरतो तोच काम करतो, चांगलंही आणि वाईटही.

हे मी इतकी वर्षं शिकवलं. घरी एवढंच सांगितलं नव्हतं की प्रयोगाचा डीएनए वासराच्या ग्रंथीतून येतो आणि अल्ब्युमिन गाईच्या रक्तातून. आमच्याकडे कांदालसूणसुद्धा काही दिवशी वर्ज्य. एकदा निर्मला प्रयोगशाळेत आली होती, फ्रिजमधली बाटली हातात घेऊन तिने इंग्रजी नाव वाचायचा प्रयत्न केला, आणि मी इतक्या घाईने ती काढून घेतली की बाटलीत विषच आहे असं तिला वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

खुर्ची

सुरतेच्या डॉक्टरबाई ठरल्या वारी नंदुरबारच्या एका दवाखान्यात यायच्या, त्यामुळे केमो तिथेच घ्यायची सोय झाली. एका खोलीत मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड, भिंतीवर टीव्ही, त्यावर आवाज बंद करून लावलेली मालिका. आवाज नसल्यामुळे मालिकेतल्या सगळ्याच बायका कट करताना दिसायच्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीत म्हसावदचे आप्पा असायचे. सत्तरी ओलांडलेले, पपईची बाग, स्वभावाने बेरकी. सिस्टर लाल औषधाची मोठी सिरिंज घेऊन आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हाई लाल पानी आंगमा जाईसन करस तरी काय?"

मला कोणी प्रश्न विचारला की मी उत्तर देतो, ही माझी जुनी खोड. मी भाकरींची चळत सांगितली, कागद सांगितला, जीप सांगितली. आप्पांनी शांतपणे ऐकलं.

"मंग चांगल्या पेशीसले बी मारी टाकत व्हई."

मी म्हटलं, हो, म्हणून तर केस जातात, तोंड येतं. आणि हृदयावर जरा लक्ष ठेवावं लागतं.

"माले नवतं म्हाईत," आप्पा म्हणाले. "तुम्हले म्हाईत शे, म्हनीसन तुम्हीच ज्यास्त घाबरेल शेतस." आणि डोळे मिटून पडले. लवकरच त्यांचं घोरणं सुरू झालं. मी सिरिंजचा दट्ट्या थोडाथोडा खाली जाताना बघत बसलो.

प्रयोगशाळेत बंध जुळला की मी टाळी द्यायचो. इथे तोच बंध माझ्या आत जुळत होता, आणि कुठे जुळतोय ते दाखवणारं यंत्र नव्हतं. तिथून डोक्यात किडा शिरला. औषध खरं आहे कशावरून? लेबल काय, कोणीही छापतं. दुसऱ्या खेपेला तर रंग मला सरळसरळ फिका वाटला. सिस्टरने औषध पातळ करून सलाईनमधून लावलं होतं, तसं तिने सांगितलंही, पण मी ऐकत नव्हतो, पुरावा गोळा करत होतो. हे औषध योग्य प्रकाशात नारिंगी चमकतं, आणि तसा प्रकाश माझ्या कॉलेजात होता. मला फक्त एक थेंब हवा होता.

नळी काढल्यावर तिच्यात उरलेला थेंब मी खिशातल्या होमिओपॅथीच्या रिकाम्या कुपीत घ्यायला गेलो आणि सिस्टरने मनगट धरलं. पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. डॉक्टरबाईंना बोलावलं गेलं. हे औषध कातडीवर सांडलं तर जखम होते, म्हणून सिस्टर हातमोजे घालते, हे मला, रसायनशास्त्राच्या माणसाला, सगळ्या खुर्च्यांसमोर समजावून सांगण्यात आलं. आप्पा जागे झाले होते. त्यांनी विचारलं, सरनी काय चोरं?

त्या दिवशी घरी पोचल्यावर लघवी लाल दिसली; पहिल्या खेपेला बघायचं सुचलं नव्हतं. मी बाथरूममधूनच ओरडलो. एक तर रक्त जातंय, नाहीतर औषध कशालाच न चिकटता जसंच्या तसं बाहेर पडतंय, दोन्ही वाईट. निर्मला दाराबाहेरून म्हणाली, "सिस्टरने दोन्ही वेळा सांगितलं होतं की लाल होते. तुम्ही तेव्हा बाटलीवरचं नाव वाचत होता."

पदर आणि पथ्य

केस गेले. तोंडात फोड आले. चव अशी झाली की वरण आणि चहा यांतला फरक फक्त तापमानावरून कळायचा. निर्मलाने घराचा दवाखाना केला. पाणी उकळून गार केलेलं, फळं सोलूनच, कोशिंबीर बंद, पाहुणे ओट्यावरच. स्वतः ती काहीही तोंडात घालायच्या आधी माझं ताट वाढायची. मुलगी रोज फोनवरून ताप किती, विचारायची आणि उत्तर आईकडून घ्यायची. माझ्या शब्दावर त्या घरात कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

ओट्यावर बसणाऱ्या पाहुण्यांत निम्मे औषध घेऊन यायचे. कोणी गोमूत्राचा अर्क, कोणी डोंगरातलं मूळ. दादाचं मन गुजरातेतल्या एका वैद्याकडे ओढत होतं. त्याच्या ओळखीतला एक जण तिथे जाऊन बरा झाला होता. त्याला नेमका काय आजार होता हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. दादाचं म्हणणं साधं होतं. गाठ मानेवर एवढीशी होती तेव्हा माणूस कॉलेजात जात होता. औषध सुरू झाल्यावर झोपून आहे. मग आजार कोणता आणि औषध कोणतं?

"तिला सांग, अजून वेळ गेलेली नाही," दादा म्हणायचा.

"त्यांना सांगा, मी दुसरीकडे कुठे नेणार नाही," निर्मला पदराआडून म्हणायची.

मी मधल्या खाटेवर पडून दोघांना दोघांचं सांगायचो. खरं सांगायचं तर मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. मला वैद्यही संशयास्पद वाटायचा आणि डॉक्टरही. तेवढ्यात रक्ताचा नवा रिपोर्ट आला, त्यात अल्ब्युमिन कमी होतं, आणि मला माझी स्वतःची बाजू सापडली.

सिद्धांत

विचार बघा किती सरळ होता. अल्ब्युमिन कमी म्हणजे जीपा कमी. जीपा कमी म्हणजे औषधाचे मोकळे रेणू जास्त. मोकळे रेणू जास्त म्हणजे ते माझं हृदय खाणार. डॉक्टरबाईंचं इकडे लक्षच नाही. म्हणजे जीपा मलाच वाढवायला हव्यात.

आणि अल्ब्युमिन म्हटलं की कोणालाही काय आठवतं? अंड्याचा पांढरा भाग.

आयुष्यात मी अंड्याला हात लावला नव्हता. घरात सांगणं शक्यच नव्हतं. निर्मलाचं स्वयंपाकघर म्हणजे एका कोपऱ्यात देव, दुसऱ्यात शेगडी. पण मी म्हटलं, विज्ञानासाठी. रोज संध्याकाळी थोडं चालायचं असं बाईंनी सांगितलं होतंच. मी मास्क लावून, टोपी घालून, शहाद्याच्या रस्त्याला चालत जायला लागलो. तिथे एक अंडाभुर्जीची लारी, म्हणजे हातगाडी, लागते. मी लारीच्या मागच्या अंगाला, उजेडाकडे पाठ करून उभा राहिलो आणि दोन अंडी मागितली. लारीवाल्याने विचारलं, उकडेल का आमलेट? मी म्हटलं, कच्ची.

यामागेही शास्त्र होतं. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते. घडी उलगडली की त्यात रेणू बसायची जागा जाते. मोडलेल्या जीपा घेऊन काय करू? म्हणून कच्ची.

लारीवाला कालथा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "सर, मन्हा लारीवर आजपावत कोन्ही कच्चा आंडा नही मांगा." त्याने मला सर म्हटलं म्हणजे टोपी आणि मास्क काही कामाचे नव्हते. त्याचा पुतण्या आमच्याच कॉलेजात होता. मी त्याला सांगितलं की हे औषध आहे आणि कुठे बोलायचं नाही. त्याने अंडी दिली, वर एक ग्लास दिला आणि माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून स्वतः पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला.

ते गिळतानाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की त्या काळात चव गेलेली होती ही देवाची कृपा.

मग ते रोजचंच झालं. परत येताना वास जावा म्हणून मी बडीशेप, वेलदोडा, लवंग असं सगळं एकदम चघळायचो. निर्मला दारातच जवळ येऊन श्वास घ्यायची. मग ताट वाढायला वळायची. एकदा माझी टोपी हातात घेऊन वास घेताना मी तिला पाहिलं. तिला अंड्याचा वास माहीतच नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. संध्याकाळी नियमाने बाहेर जाणारा आणि वेलदोडे चघळत परत येणारा नवरा बघून बाई काय समजेल, हे माझ्यासारख्या विद्वानाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

ताप

दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या तेव्हा ताप आला. आधी थंडी, मग जुलाब, मग असा ताप की छताचा पंखा खाली येतोय असं वाटायला लागलं. दादाने गाडी काढली. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडताना मी निर्मलाला म्हणालो म्हणे, की जीप फार भरली आहे, दोन माणसं उतरवा.

नंदुरबारला वेगळ्या खोलीत ठेवलं. अँटिबायोटिक सुरू झालं. मास्कवरचे नुसते डोळे यायचे आणि जायचे. ताप थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. त्या दिवसांत मी खरोखर घाबरलो. त्याआधी मी संशय घेत होतो, आणि संशय घेणारा माणूस स्वतःला हुशार समजत असतो, घाबरलेला नाही. आता हात उचलून पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता. निर्मला ओला कपडा कपाळावर ठेवायची आणि तो बदलताना पुन्हापुन्हा माझा श्वास मोजायची, ते मला कळायचं आणि मला कळतंय हे तिला कळू नये म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो.

रक्ताच्या तपासणीत जंतू सापडला. डॉक्टरबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, हा जंतू खाण्यातून येतो. बाहेरचं काही खाल्लं?

मी काही बोलायच्या आत निर्मला म्हणाली, "नाही. सगळं मी करते."

पाणी? उकळलेलं. दूध? उकळलेलं. भांडी? बाई विचारत गेल्या, निर्मला सांगत गेली, आणि तिचा आवाज बारीक होत गेला, कारण प्रत्येक प्रश्न तिच्या स्वयंपाकघराची झडती घेत होता. दादा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला सांग, एवढं उकळून उकळून काय केलं मग?"

आणि मग तो बाईंकडे वळला. दोष तिच्या स्वयंपाकघराचा आहे असं त्याला खरं वाटत नव्हतंच. त्याचा संशय सलाईनवर होता. दवाखान्याच्या बाटलीतूनच घाण गेली, तो म्हणाला, आणि आता घरच्या बाईवर ढकलताय. बस झालं. मी याला घेऊन जातो. खाली भाड्याची गाडी उभी आहे, वैद्याकडे निरोप गेला आहे, आजपासून हे लाल पाणी बंद.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की आत्ता हलवलं तर ताप जिंकेल, आणि केमो इथेच सोडली तर गाठ परत येईल. दादा म्हणाला, तसं तुम्ही म्हणणारच. त्याने माझी पिशवी उचलली.

मी निर्मलाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. पदर डोळ्यांपर्यंत. मला वाटलं ती दादाला काहीतरी सांगायला माझ्याकडे बघेल, "त्यांना सांगा" म्हणेल. तिने बघितलं नाही. आपल्याच हातून नवरा मरतोय असं तिला वाटत होतं, ते तिने नंतर मला सांगितलं.

मी म्हणालो, "अंडी."

दादा पिशवी धरून थांबला.

"अंडी खाल्ली. शहाद्याच्या लारीवर. रोज. कच्ची."

मग मी सगळं सांगितलं: जीपा, मोकळे रेणू, मोडलेली घडी. तापात माणूस जसा बोलतो तसं, पुढचं आधी आणि मागचं नंतर. दादाचा चेहरा असा झाला होता की मी खून कबूल केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. पिशवी त्याच्या हातातून खाली गेली.

निर्मला भिंतीपासून पुढे आली. मला वाटलं मारतेय. ती अगदी जवळ येऊन म्हणाली, "दारू नव्हती?"

"नाही गं."

"संध्याकाळी जात होता ते दारू प्यायला नाही?"

मी मान हलवली. ती खाटेच्या कडेवर बसली आणि हसते की रडते ते मला त्या तापात ठरवता येईना. मग तिने डोळे पुसले, वळली, आणि जे आमच्या लग्नापासून झालं नव्हतं ते झालं. ती थेट दादाकडे बघून बोलली.

"दादा, गाडी परत पाठवा. हे कुठे जाणार नाहीत."

दादाने खोलीत खांब शोधला. नव्हता. "बरं," तो म्हणाला, तिलाच, आणि खाली गेला.

डॉक्टरबाईंनी मास्कच्या आत काय केलं मला माहीत नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या, "सर, अंडं पोटात गेल्यावर पोट काय करतं?"

मी म्हणालो, पचवतं.

"प्रथिनाचं?"

"तुकडे करतं."

"आणि तुमचं अल्ब्युमिन कोण बनवतं?"

यकृत. हे शाळेच्या पुस्तकात असतं. माझं कमी होतं ते आजारपणामुळे, आणि त्यांनी ते पाहिलंही होतं, डोसचा विचारही केला होता. मी एकदा विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. सगळं आयुष्य नळीत काम केल्यामुळे माणसाला मध्ये एक पोट असतं हे मी विसरलो होतो.

पुढे

ताप उतरायला वेळ लागला. उतरला.

घरी जायच्या दिवशी निर्मलाने बाईंना विचारलं की अंड्याने ताकद येते हे तरी खरं का. बाई म्हणाल्या, येते, पण पूर्ण उकडलेलं. निर्मलाने मान डोलावली. तिचं स्वयंपाकघर बाटवायचा प्रश्नच नव्हता. तिने केळीच्या बागेतल्या पंपाच्या खोलीबाहेर तीन विटा मांडल्या, एक जुनं पातेलं त्यासाठी वेगळं काढलं आणि नाकाला पदर लावून, दुरून, एका लांब काठीने ती अंडी उकडायची. इतकी उकडायची की ती आपटली तरी फुटायची नाहीत. मी खात असताना ती समोर बसायची. मी म्हणायचो, आता मला गरज नाही, प्रथिन डाळीतूनही मिळतं. ती म्हणायची, तुम्ही लारीवर जाणार नाही याची मला गरज आहे.

आप्पांना लारीची बातमी माझ्याआधी पोचली होती. तिसऱ्या केमोला खुर्चीत बसलो तर ते म्हणाले, "सर, आते भाकरीनी चळत माले नका सांगू. तुमनं ग्यान तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या." आणि आपली पपईची सोललेली फोड पुढे केली. मी निर्मलाकडे बघितलं. तिने आधी फोडीकडे, मग आप्पांच्या हाताकडे, मग चाकूकडे बघितलं, आणि नको म्हणून मान हलवली.

जे त्या खुर्चीत बसणार आहेत त्यांना मला सांगायचं ते एवढंच. संशय येतो. येऊ द्या. तुमच्या शिरेत लाल काहीतरी जातं आणि ते कुठे जाऊन चिकटतं ते तुम्हाला दिसत नाही, मग संशय नाही येणार तर काय. फक्त तो तोंडाने बोला, सिस्टरला, डॉक्टरला, बायकोला, अगदी शेजारच्या खुर्चीलाही. मी तो मनात ठेवून रोज संध्याकाळी चालायला नेला, आणि तो मला सरळ लारीवर घेऊन गेला.

तिसऱ्या केमोच्या त्या दिवशी दादाही आला होता. गाडी त्यानेच चालवली, वैद्याचं नाव काढलं नाही. सिस्टर सिरिंज घेऊन आली तेव्हा त्याने तिला बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. तिने वाचलं. त्याला काही कळलं नाही, तरी त्याने ते ऐकून घेतलं आणि स्टूल ओढून माझ्या खुर्चीला चिकटून बसला. लाल रंग नळीतून उतरायला लागला. मी सवयीने त्याच्याकडे डोळे लावले.

दादा औषधाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि अधूनमधून दाराकडे, मी कुठे सटकू नये म्हणून.